धडावरचे तीन रंग

मंगळवार, ४ मार्च

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने बाबांची चाकांची खुर्ची सगळ्यात आत कोंबली होती. त्यामुळे अर्धं सामान फुटपाथवर उतरेपर्यंत बाबा पुढच्या सीटवर राजासारखे बसून होते. येणारेजाणारे थबकून बघत होते आणि बाबा प्रत्येकाला मान डोलावून सलामी देत होते. ताई बरोबर असती तर हसून हसून लोळली असती.

जागा मनासारखी आहे. रस्त्याच्या बाजूला गिटारचं दुकान, त्याच्यामागे कारखाना, म्हणजे एक लांबट खोली. तिच्या टोकाला रंग मारायची खोली. तिला अंगणाकडे उघडणारं लोखंडी दार आहे आणि दारात वहीएवढी काच. मग छोटं अंगण आणि अंगणापलीकडे आमच्या दोन खोल्या. पायरी एकही नाही. बाबांची कॉट खिडकीशी लावली. तिथून त्यांना कामाच्या टेबलाशी उभी असलेली मी दिसेन आणि मला ते. बाबांना दिवसभर एकटं टाकून जावं लागणार नाही, असं काम तीन वर्षांत पहिल्यांदा मिळालंय.

मालक आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावर राहतात. मालक साठीचे असतील. हात पुसत बाहेर आले ते माझ्याकडे न बघता आधी बाबांपाशी गेले आणि त्यांच्या खुर्चीसमोर चक्क उकिडवे बसले. फोनवरही त्यांनी माझ्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले होते आणि बाबांबद्दल दहा. एक शब्दही बोलत नाहीत का, दोष गळ्यात आहे की डोक्यात, डॉक्टर काय म्हणतात. चौदा वर्षं फर्निचरला पॉलिश करतेय, पण इतक्या आपुलकीने चौकशी करणारा मालक मी पाहिला नव्हता. मी सांगितलं, गळा ठणठणीत आहे, झटक्याने फक्त शब्द नेले. त्यावर ते दोनदा "बरं, बरं" म्हणाले.

बाबांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. घरी हाक मारली तरी शेजारचा ओ द्यायचा. त्याच घरात आता भांडं पडलं तरच आवाज होतो. बोलायला कुणी नाही म्हणून मी ही वही लिहायला लागले. ऍप्रनच्या खिशात मावते, ते एक बरं.

मालकीणबाई चहा घेऊन आल्या. 'वहिनी म्हण' म्हणाल्या. इतकं हळू बोलतात की मला पुढे वाकावं लागलं. बाबा अजिबातच बोलत नाहीत का, असं त्यांनीही विचारलं. मी नाही म्हटल्यावर कपबशा टेबलावर ठेवल्या आणि स्वतःचा चहा न घेताच वर निघून गेल्या. असतात काही माणसं बुजरी.

गुरुवार, ६ मार्च

दोन दिवस किरकोळ कामं केली. आज खरं काम हातात आलं.

मालकांनी कुलपाच्या कपाटातून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं बाळच आहे कुणाचं, अशा बेताने त्यांनी ते टेबलावर ठेवलं. इलेक्ट्रिक गिटारचं नुसतं धड. मान नाही, तारा नाहीत, वायरी नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाची गिटार. भाऊ अकरा वर्षांपूर्वी गेला. धडावरचा सगळा रंग काढून ते कोऱ्या लाकडापर्यंत आणायचं, एवढंच काम. घाई नाही, पण रोज थोडं तरी व्हायला हवं. आणि याच टेबलावर, खिडकीसमोर. उजेडासाठी असेल.

रंग मारणाऱ्याचे हात धुवून पाणी प्यावं असा प्रकार आहे! काळा रंग, तोही खिडकीच्या गजांना लावायचा, आणि ब्रशने फासलेला. कडेला ओघळ, मध्येच ब्रशचे केस चिकटलेले. हे काम अडाण्याचं वाटत नाही. ज्याला काम येतं, पण हात थरथरतायत, अशा माणसाचं वाटतं. मान जिथे बसते त्या खाचेत बोटाने खरवडलं तर खाली पांढरा रंग लागला आणि त्याच्या खाली लाल. म्हणजे तीन रंग. काळा गरम हवेने सुटेल. पांढरा छळणार.

एक गोष्ट गमतीची वाटली. ब्लँकेट काढलं तेव्हा धड कोमट होतं. कपाटाची भिंत उन्हाकडे असावी.

शनिवार, ८ मार्च

काळा उतरला!

गरम हवेची गन वीतभर लांब धरायची. रंगाला बारीक फोड आला की त्याखाली पातं सरकवायचं. साल निघावी तशा लांब पट्ट्या निघतात. हे काम मला फार आवडतं. डोकं रिकामं होतं. मास्क होताच, तरी घशात खवखव झालीये. जुन्या रंगात काय काय असतं कुणास ठाऊक.

पण लिहायचं ते हे नाहीच. दुपारी शेवटची पट्टी निघत होती, तेव्हा कुठूनतरी गुणगुण ऐकू आली. दुकानातला रेडिओ असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग गन बंद केली. गुणगुण आमच्या खिडकीतून येत होती. बाबा!

धावत गेले. बाबा उशीला टेकून बसले होते, ओठ मिटलेले, आणि घशातून सूर येत होता. बारीक, पण सूर. तीन वर्षांत त्यांनी कण्हण्यापलीकडे आवाज काढला नव्हता. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. वर बघितलं तर दारात मालक उभे. त्यांच्याही डोळ्यांत पाणी. परक्या माणसाला एवढा आनंद व्हावा!

ताईला फोन केला. ती म्हणाली, तुझा आवाज का बसलाय, आनंदाने की काय.

सोमवार, १० मार्च

पांढरा रंग म्हणजे दगड. गरम हवेला दाद देत नाही. रिमूव्हर लावला तर वास अंगणापलीकडे जाईल आणि बाबांना त्रास होईल, म्हणून पॉलिश पेपरने घासत बसलेय. सकाळपासून तळहाताएवढी जागा झाली. पांढरी भुकटी केसांत, पापण्यांवर, दातांत.

अकरा वाजता बाबा बोलले. 'पाणी' म्हणाले. स्पष्ट!

मी पेलाभर पाणी दिलं. ते प्यायले आणि पुन्हा 'पाणी' म्हणाले. असे पाच पेले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कधी कधी होतं असं, जागा बदलली की मेंदू जागा होतो, बोलतं ठेवा त्यांना.

बोलतं ठेवायला मालक बसलेच आहेत. जेवण झाल्यापासून बाबांच्या कॉटशी खुर्ची घेऊन बसले, ते मी काम थांबवेपर्यंत. काय बोलत होते ते कळलं नाही. मी गेले की गप्प होत.

माझा घसा पार कामातून गेलाय. गुळण्या करून पाहिल्या.

बुधवार, १२ मार्च

बाबा आता वाक्यं बोलतात. 'खिडकी उघड.' 'उजेड डोळ्यावर येतोय.' 'काम कुठवर आलं?'

हे शेवटचं दिवसातून चारचारदा विचारतात. पांढरा कुठवर निघाला, लाल दिसायला लागला का. आयुष्यात पॉलिशच्या कामात त्यांनी कधी रस दाखवला नव्हता. उलट, तू भुकटी खात जगतेस, म्हणून चिडायचे.

आवाज बदललाय, हे लिहायला हवं. बाबांचा भरदार आवाज नाही हा. हलका आहे, वरच्या पट्टीतला. पण ओळखीचा आहे. कुणासारखा ते दोन दिवस आठवतेय आणि ओठांवर येऊन राहतंय.

आज वहिनी पहिल्यांदा कारखान्यात आल्या. दुकानाची चावी शोधत होत्या. टेबलावरचं धड त्यांना दिसलं. अर्धं पांढरं, अर्धं लाल. त्यांनी टेबलाची कड धरली. कुजबुजत्या आवाजात मला म्हणाल्या, "हे जाळलं म्हणून सांगितलं होतं मला." मग बाबांच्या खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, ते बोलायला लागले का? मी मान हलवली. मला बोलताच येईना, इतका घसा धरलाय. माझी नुसतीच हलणारी मान बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मालक आले. वहिनी चावी न घेताच गेल्या.

शुक्रवार, १४ मार्च

पांढरा संपला. लाल अखंड दिसतोय. सुंदर रंग आहे, खोल. आत दिवा लावल्यासारखा. याला हात लावायचं जिवावर आलंय. शिवाय धड आता कोमट नाही, गरम असतं. सावलीत ठेवलं तरी.

आज बाबांची परीक्षा घेतली. का घेतली? कारण सकाळी त्यांना भरवत असताना ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत मी कुणीच नव्हते. आवाज नाही म्हणून दुकानातली पाटी आणून तिच्यावर खडूने लिहून विचारलं. आमच्या जुन्या घरात दारासमोर काय होतं? लहान मूलही सांगेल. पाण्याची टाकी होती. तिच्यावर चढून ताईने हात मोडून घेतला होता आणि बाबांनीच तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं.

बाबांनी पाटी वाचली. हसले. म्हणाले, दारासमोर लोहाराचं दुकान होतं आणि दादा मला तिथे ठिणग्या बघायला न्यायचा.

बाबांना दादा नाही. बाबा घरात सगळ्यांत मोठे.

दुपारी मालक आत होते. दार लोटलेलं होतं. मी अंगणातून ऐकलं. बाबा त्यांना 'दादा' म्हणत होते. बाबा मालकांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे आहेत. आणि मालक रडत होते, पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, माफ केलंस का, एकदा म्हण, माफ केलं म्हण.

 काम कुठवर आलं, एवढंच बाबांनी विचारलं.

शनिवार, १५ मार्च

वहिनींनी सगळं सांगितलं. मालक माल आणायला गेले होते. आम्ही रंगाच्या खोलीत बसलो, दार लावून. मला बोलता येत नाही आणि त्यांना कुजबुजण्यापलीकडे आवाज नाही. दोन मुक्या बायकांच्या गप्पा! एरवी हसू आलं असतं. जसं ऐकलं तसं लिहितेय.

धाकटा दीर याच खोलीत रंग मारायचा. वीस वर्षं. मालकांनी कधी मास्क आणला नाही, पंखा बंद पडला तो दुरुस्त केला नाही. आज करू, उद्या करू. त्याचा गळा सडला. डॉक्टरांनी गळा कापून उघडला, तेव्हा आवाज गेला. त्यानंतर ही लाल गिटार छातीवर घेऊन तो दिवसभर पडून असायचा. वाजवायचा नाही. तिच्या लाकडाला हनुवटी टेकवून तोंड हलवत राहायचा, जसा काही तिच्याशी बोलतोय. तसाच गेला. छातीवरून गिटार काढली तेव्हा तो गार पडला होता आणि ती गरम होती.

वर्षभराने मालकांनी वहिनींना सांगितलं, तिचं पॉलिश घासून नवं कर. तेव्हा कारखान्यातलं पॉलिश वहिनीच करायच्या. सासूबाई त्या वेळी अंथरुणावर होत्या, वाचा गेलेली. वहिनींनी घासायला घेतलं आणि सासूबाई बोलायला लागल्या. आधी गुणगुण. मग पाणी. आणि वहिनींचा घसा बसत गेला.

त्या म्हणाल्या, "त्याला गळा नाही आणि आवाजही नाही. गळा रिकामा असेल त्याचा घेतो. आवाज घासणाऱ्याचा घेतो, आणि घासणारा नसेल तर त्याचा हात धरेल त्याचा."

मग मला कळलं. बाबांचा आवाज कुणासारखा आहे ते.

त्यांनी गिटार जाळायलाही घेतली होती. विस्तवावर धरली, तर वर खोलीत सासूबाईंच्या छातीवर फोड उठले. शेवटी रंग फासला. पांढरा मारला, तेव्हा बोलणं कमी झालं. मालक दारावर लाथा मारत होते म्हणून पांढरा वाळायच्या आधीच हाताला लागेल तो काळा मारला. काळा पुरा झाला आणि सासूबाई गेल्या. गिटार मग जाळून टाकली, असं मालकांनी सांगितलं आणि वहिनींनी ते खरं मानलं. कुजबुजण्याइतका आवाज वहिनींना परत मिळाला. सासूबाई रंगाने गेल्या की वयाने, हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही. रोज पहाटे उठल्यावर पहिला विचार तोच येतो, म्हणाल्या.

मी पाटीवर लिहिलं, आतमध्ये माझे बाबा अजून आहेत का?

त्यांनी पाटी वाचली आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली.

रविवार, १६ मार्च

ठरवलं, काम बंद. बाबांना घेऊन ताईकडे जायचं. रंगबिंग काही नको. दूर गेलं की सुटेल.

बॅग भरली. खुर्ची कॉटशी नेली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पाय खाली सोडले आणि उभे राहिले. तीन वर्षं उजवा पाय हलला नव्हता. उभे राहिले आणि माझ्या हातातली बॅग घेऊन कपाटावर ठेवली.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा हसरा, आणि पाणी वाहतंय. हसणं एकाचं आणि रडणं दुसऱ्याचं. म्हणजे बाबा आहेत. आत आहेत. बघतायत.

कारखान्यात गेले तर मालक टेबलाशी. स्वतःच घासतायत. लाल धूळ कोपरापर्यंत. मी पेपर ओढून घेतला, त्यांनी मला ढकललं. ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांचाही नुसता वारा बाहेर आला. आणि ते हसले. आवाज जातोय हे कळूनही हसले. पाटीवर लिहून दाखवलं, देणं आहे त्याचं माझ्याकडे.

सोमवार, १७ मार्च

लाल संपला, मालकांनी रात्रीतून घासून टाकला. कोरं लाकूड. त्यावरच्या रेषा — लाकडाच्या रेषा मी चौदा वर्षं बघतेय. या तशा नाहीत. निळसर आहेत, आणि बोट ठेवलं की दबतात. परत फुगतात.

माझ्या घशातून आता खोकलासुद्धा निघत नाही. काल चटका बसला, तोंड उघडलं, काही नाही.

दुपारी आमच्या खोलीतून माझं हसू ऐकू आलं.

मी अंगणात उभी आणि माझं हसू आत. आपला आवाज बाहेरून कसा येतो ते आपल्याला कुठे माहीत असतं? पण हसू ओळखलं. खिडकीतून बघितलं. बाबांच्या कानाला माझा फोन. माझ्या आवाजात ताईशी बोलत होते. अगं, बाबा चालायला लागले, तू ये ना, उद्याच ये, मालक येतील तुला घ्यायला. हो गं, घसा बरा झाला माझा.

फोन हिसकावला. ताई पलीकडे आनंदाने रडत होती. मी श्वास सोडला, तिला काही कळलं नाही. 'उद्या सकाळची गाडी धरते' म्हणाली आणि ठेवला.

मेसेज करणार, तर फोन बाबांच्या हातात. बोटं पिरगाळून घेतला माझ्या हातून. त्या हाताने त्यांना चमचा धरता येत नव्हता.

मंगळवार, १८ मार्च, सकाळ

मालक ताईला आणायला गेलेत. बाबा त्यांच्याबरोबर अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे आहेत, रस्त्याकडे बघत.

वहिनींनी रंगाच्या खोलीची चावी दिली. काळ्या रंगाचा डबा दिला. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी धड ब्लँकेटमध्ये घेऊन आत आले. दाराला आतून कडी, वर कुलूप.

धड हातात घेतलं की वर-खाली होतं. मंद. झोपलेल्या माणसाची छाती.

रंग मारला तर बाबा जातील. नाही मारला तर — काल रात्रभर नाही, आत्ता सकाळी, दात घासताना कळलं, की मी निवड करतच नाहीये. ते डोळे पाणी गाळत होते तेव्हाच बाबांनी ती केली, सोडव मला म्हणून. की मीच माझी समजूत घालतेय? वहिनींसारखं मलाही रोज उठून —

कॉम्प्रेसर सुरू केला.

दहा वाजून गेले

पहिला हात झाला. ब्रश नाही, स्प्रे गनने मारला. नीट. शेवटचं काम आहे तर नीट व्हावं.

वीस मिनिटं वाळायला. तोवर लिहिते. 

घशात काहीतरी हललं. 'बाबा' म्हणून पाहिलं. आलं. फाटकं, पण आलं. माझं आहे.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जड. अंगणात.

काचेतून बघणार नाही.

बघितलं. बाबा फरशीवर आहेत. पालथे. हाताने सरकत इकडे येतायत. उजवा पाय मागे ओढला जातोय, पहिल्यासारखा. पहिल्यासारखा! हे बाबा आहेत. माझे. आजारी, मुके, माझे बाबा. आणि मी आत —

नाही. अजून बारा मिनिटं.

आठ

गाडी थांबली बाहेर. ताईचा आवाज. बाबांना बघून किंचाळली. मालकांची बोलायची सोय नाही, नुसती पळापळ. ताई बाबांपाशी बसली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा हात हातात —

ताई, हात सोड. मी ओरडले. एवढ्याशा आवाजाला कॉम्प्रेसरच्या घरघरीपुढे कोण विचारतो.

पाच

ताई दारावर हात मारतेय. उघड, बाबांचा श्वास लागतोय, काय करतेस तू आत, वेडी झालीस का, आपण दोघी मिळून त्यांना दवाखान्यात नेऊ, उघड गं, तुझ्या पाया पडते.

कुलपाला चावी लावली होती. फिरवणार होते. देवा, फिरवणारच होते.

त्याआधी काचेतून बघितलं.

ताई दारापाशी नाहीच. ती तिकडेच आहे, अंगणात, गुडघ्यांवर. दोन्ही हात गळ्याशी. तोंड उघडं आणि त्यातून काही निघत नाही. माझ्याकडे बघतेय, नको नको म्हणून मान हलवतेय.

दारापाशी बाबा आहेत. उभे राहिलेत. कपाळ काचेला टेकलंय. आणि ताईच्या आवाजात म्हणतायत, उघड गं.

डोळ्यांतून पाणी वाहतंय त्यांच्या.

रंग ओला आहे अजून. थांबत नाही. गन भरली —

बाबा, मी —

बिजागरी सुट